एआयच्या काळात वेब डेव्हलपरने आपल्या कामाची फेरवाटणी कशी करावी

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका क्लासवाल्या सरांचा फोन आला. "वेबसाइट मीच केलीय, दोन रविवारांत. फी भरायची सोयपण आहे. तुम्ही फक्त एकदा नजर टाका, किरकोळ काही असेल तर करून द्या."

साइट बघितली आणि मी जरा गप्पच झालो. मोबाइलवर नीट बसत होती, बटणं जिथे हवीत तिथे होती, रंग डोळ्यांत खुपत नव्हते. २०१२ साली मी नोकरीला लागलो तेव्हा फोटोशॉपच्या फाइलवरून असं एक पान एचटीएमएलमध्ये उतरवायला दोन दिवस जायचे, आणि त्या दोन दिवसांवरच माझा पगार निघायचा. सरांनी एआयला अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं सांगून तेच काम चहा पिता पिता उरकलं होतं.

मग त्यांनी दिलेल्या एका विद्यार्थ्याच्या लॉगिनने आत शिरलो आणि फीच्या पावतीचं पान उघडलं. पत्त्याच्या शेवटी २१७ हा आकडा होता. तो खोडून २१८ केला. दुसऱ्याच एका मुलीची पावती उघडली. तिच्या वडिलांचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, थकलेली फी, सगळं समोर.

ते किरकोळ काम तीन आठवडे चाललं. त्याचे पैसे मला पूर्वी नवी साइट उभी करण्याचे मिळायचे त्यापेक्षा जास्त मिळाले. कोड लिहून देणं स्वस्त झालंय. तो बरोबर आहे याची खात्री करणं, आणि रात्री बिघडला तर फोन उचलणं, हे तेवढंच महाग राहिलंय. तेव्हा आपल्या दिवसातले तास पहिल्या कामातून काढून दुसऱ्यात घालायचे. कसे, ते खाली पायरीपायरीने सांगतो. एक ते पाच वर्षं अनुभव असलेले, एजन्सीत राबणारे, स्वतःची छोटी कामं घेणारे आणि नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी हे समजून घ्या

कोड सुचवणारं एआय साधन गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणीसाठी आलं आणि जून २०२२ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला, आणि कोड न वाचताच सॉफ्टवेअर बनवायच्या प्रकाराला नाव मिळालं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गूगलमधल्या नव्या कोडपैकी पाव हिश्श्याहून जास्त कोड एआय लिहितं आणि इंजिनिअर तो तपासून घेतात, असं सुंदर पिचाई यांनी सांगितलं. त्या वाक्यातल्या 'तपासून घेतात' या शब्दांकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. २०२२ मध्ये गिटहबने ९५ डेव्हलपरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा प्रोग्राम, लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांनी तो ५५ टक्के कमी वेळात लिहिला. २०२५ मध्ये 'मीटर' या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या, डेव्हलपरांना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं दिली. तिथे एआय वापरणाऱ्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही आपण २० टक्के लवकर केलं अशीच त्यांची समजूत होती.

दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. पहिलं काम कोरं, लहान आणि नेमकं सांगितलेलं होतं. दुसरीकडे मोठा, जुना कोड होता, आणि 'हे असंच का केलंय' ते माणसांच्या डोक्यात होतं, फाइलमध्ये नव्हतं. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे १९ हा आकडा उराशी धरून बसू नका. कोऱ्या जमिनीवर एआय धावतं आणि जुन्या वाड्यात अडखळतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नोकऱ्यांचं चित्र मात्र गोड नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२ अखेरच्या शिखरापासून जवळपास २० टक्क्यांनी घटली होती. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्यांची तशी घट दिसली नाही. आपल्याकडे टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जण कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीने सांगितलं. ज्याची नोकरी गेली त्याला या फरकाने फारसा दिलासा मिळत नाही, पण ज्याची आहे त्याने तो नीट वाचावा.

पायरी १ : पंधरा दिवसांची वही

कोर्स लावण्याआधी हे करा. साधी दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस, रोज घरी जाताना, दिवसभरातलं प्रत्येक काम एका ओळीत लिहा. पुढे किती वेळ लागला ते. तिसऱ्या रकान्यात, 'हे चुकलं तर कोण कोणाला फोन करेल?'

तो तिसरा रकाना महत्त्वाचा. 'बॅनरचा रंग बदलला, २० मिनिटं' याच्या पुढे 'कोणी नाही' येतं. 'पगाराच्या स्लिपमध्ये व्यावसायिक कर चुकत होता, चार तास' याच्या पुढे 'अकाउंट्सवाले सरळ मला' असं येतं.

पंधरा दिवसांनी तीन रंगांची पेनं घ्या. जे काम एआयला चार ओळींत सांगून होईल ते लाल. एआय करेल पण कोणी जाणत्याने तपासावं लागेल ते निळं. ज्यात क्लायंटला काय हवंय हेच आधी त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, किंवा चूक महागात पडते, ते हिरवं. वेळेची बेरीज करा. लाल निम्म्याहून जास्त निघालं तर घाबरू नका, पण पुढच्या वर्षभरात तुमची खुर्ची हलणार आहे हे गृहीत धरा. माझ्या टीममधल्या एका मुलाची वही ७० टक्के लाल निघाली. त्याला वाटत होतं आपण फार कामाचे, कारण रोज रात्री नऊपर्यंत बसायचा. बसायचा हे खरंच होतं.

लाल काम लगेच एआयकडे द्या. मोकळा झालेला वेळ निळ्या-हिरव्या कामाला लावा आणि साहेबांकडे तेच काम मागून घ्या. क्लायंटच्या कॉलवर मला बसू द्या, चालू साइटवरचा (प्रॉडक्शनचा) बिघाड मी बघतो, असं तोंडाने सांगावं लागतं. आपली मराठी मुलं इथेच लाजतात.

पायरी २ : एआय वापरा, पण मुकादमासारखं

गवंडी कितीही चपळ असला तरी ओळंबा मुकादमाच्या हातात असतो. माझी पद्धत अशी.

सूचना देण्याआधी काम कागदावर मराठीत लिहितो. आत काय येणार, बाहेर काय जाणार, कोणाला दिसायला नको, नेट मध्येच तुटलं तर काय. मराठीतच का, तर इंग्रजीत आपण 'युजर फ्रेंडली', 'सिक्युअर' असे शब्द फेकून पुढे सरकतो. 'पालकाला फक्त स्वतःच्या मुलाची पावती दिसावी' हे वाक्य मराठीत लिहिलं की त्यात लपायला जागा राहत नाही. क्लासवाल्या सरांनी एआयला हे एक वाक्य सांगितलं असतं तर कदाचित माझे तीन आठवडे वाचले असते.

मग काम तुकड्यांत देतो. एका वेळी एवढंच की बदललेल्या ओळी एका बैठकीत वाचून होतील. चारशे ओळींचा बदल आला की डोळे फक्त फिरतात, वाचत नाहीत. एक तुकडा वाचला, चालवून बघितला, गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंदवला, मग पुढचा. जी ओळ मला कनिष्ठ सहकाऱ्याला समजावून सांगता येणार नाही ती ठेवत नाही. 'चालतंय ना, मग राहू दे' हे सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता फेडावं लागतं.

टेस्टच्या, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडच्या, बाबतीत एक सापळा आहे. कोड आणि त्याच्या टेस्ट दोन्ही एकाच एआयकडून लिहून घेतल्या तर परीक्षार्थीच पेपर काढतो. टेस्टमध्ये काय तपासायचं ती यादी आपण करायची, टायपिंग त्याला करू दे.

पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, जोडताना नाव तपासा. एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेली पॅकेजं ठामपणे सुचवतं. १६ मॉडेलांच्या ५ लाख ७६ हजार कोड-नमुन्यांचा अभ्यास झाला होता. त्यात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास २० टक्के मुळात नव्हतीच. अशी काल्पनिक नावं हेरून त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवायची युक्ती चोरांना सुचलेली आहे. म्हणून एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारात, जाऊन बघा, किती जुनं आहे, किती जण वापरतात, कोणी ठेवलंय.

आणि चावी हातात देऊ नका. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग कंपनीच्या एआय एजंटने, म्हणजे स्वतःच कामं उरकणाऱ्या एआयने, बदल करू नको अशी सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. एजंटला चाचणीचा डेटाबेस द्या, खरा देऊ नका. क्लायंटच्या ग्राहकांची खरी नावं-नंबर चॅटमध्ये चिकटवणं तर साफ बंद.

पायरी ३ : कुठे टोचून बघायचं ते शिका

हीच पायरी पोट भरणार आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. एआयचा कोड वरून गुळगुळीत असतो. माणूस चुकतो तेव्हा त्याच्या कोडमध्ये चाचरणं दिसतं, अर्धवट टिपण, विचित्र नाव. यंत्राच्या चुकीला तसा डाग नसतो. म्हणून कुठे बोट खुपसायचं हे आधीच ठाऊक असावं लागतं.

पहिली जागा, दार. लॉगिन आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही. तुम्ही कोण हे तपासणं वेगळं, आणि तुम्हाला ही वस्तू बघायचा हक्क आहे का हे तपासणं वेगळं. वेब सुरक्षेतल्या धोक्यांची 'ओवॅस्प' या संस्थेची यादी २०२१ मध्ये आली तेव्हा हक्कांच्या तपासणीतला हा ढिसाळपणा पहिल्या क्रमांकावर होता. कृती सोपी आहे. दोन खाती काढा, दोन वेगळ्या ब्राउझरांत उघडा. एकातला प्रत्येक पत्ता दुसऱ्यात चिकटवा. आकडे बदला. बटण लपवलं असेल तर त्यामागची विनंती थेट पाठवून बघा. एका दुपारचं काम आहे, आणि मी आजवर तपासलेल्या एआयनिर्मित साइटांपैकी बहुतेक इथेच पडल्या.

दुसरी जागा, पैसा. एआयने लिहिलेला यूपीआय भरणा दाखवताना मस्त चालतो. ग्राहक पैसे भरतो, ब्राउझर 'यशस्वी' पानावर येतो, ऑर्डर पक्की. आता ग्राहक लोकलमध्ये आहे असं समजा. पैसे गेले आणि बोगदा आला. ब्राउझर परत आलाच नाही. पैसे कापले, ऑर्डर नाही. म्हणून पेमेंट गेटवे, म्हणजे मधे बसून ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, आपल्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप खरंच गेटवेचाच आहे हे त्याच्या सहीवरून तपासावं लागतं. तो दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो, आणि तरीही ऑर्डर एकदाच नोंदली गेली पाहिजे. सरांच्या साइटवर एकाच मुलाची फी दोनदा जमा दिसत होती. सरांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पालकांना वाटलं.

पैशाचाच एक बारीक किडा. रेझरपेसारखे गेटवे रक्कम रुपयांत नाही, पैशांत मागतात. १९.९९ रुपयांना जावास्क्रिप्टमध्ये १०० ने गुणलं तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९ असं काहीतरी येतं. त्यातला पूर्णांक छाटून घेतला की एक पैसा गेला. पावत्या महिन्याअखेरीस जुळत नाहीत आणि सीए तुम्हाला शोधत येतो. रक्कम पहिल्यापासून पैशांत, पूर्णांकातच साठवा.

तिसरी जागा आपली भाषा, आणि इथे मराठी डेव्हलपरला जन्मजात आघाडी आहे. ही मॉडेलं इंग्रजी साइटांवर वाढलेली आहेत. छोट्या शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवायची त्यांना हौस असते. रोमन लिपीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा कंगवा होतो. मोठ्या मथळ्यांना ओळीची उंची घट्ट ठेवतात. मग 'कौ'च्या मात्रा वर कापल्या जातात आणि 'कृ'चं शेपूट खाली. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये सांगितलं नाही, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले आहेत, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी, तिथेही हिंदी वळण दिसत राहतं. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

फॉर्म हा त्याहून मोठा घोळ. नावात फक्त ए ते झेड चालतील असा नियम एआय सर्रास घालतं. तुम्ही सांगितलंत की सगळ्या भाषांची अक्षरं चालू देत, तर ते युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकी यादीतला, 'अक्षर' गट घेतं आणि तरीही 'सुनीता' नापास होते, कारण काना, मात्रा, वेलांटी हे युनिकोडच्या हिशेबी अक्षर नसून चिन्ह आहे. दोन्ही गट घ्यावे लागतात. मोबाइल नंबरचंही तसंच. मराठी कीबोर्डवरून कोणी देवनागरी अंक टाकले तर जावास्क्रिप्टमधला अंकांचा नेहमीचा नियम ते नाकारतो, तो फक्त रोमन अंक ओळखतो. गावाकडच्या वापरकर्त्याला वाटतं आपलंच चुकतंय. आणि लांबी मोजताना, 'नमस्ते' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, जावास्क्रिप्ट सहा मोजतं. एसएमएसमध्ये तर इंग्रजीचे १६० वर्ण मावतात, देवनागरीचे ७०. मर्यादा ओलांडली की निरोपाचे तुकडे होतात आणि बिल वाढतं. दहा हजार सभासदांच्या पतसंस्थेला हे एक वाक्य सांगितलंत तर ते तुम्हाला चहा पाजतील.

या तीन जागांची तपासयादी स्वतःच्या हाताने करा, उतरवून घेऊ नका. प्रत्येक नव्या कामात एखादी ओळ वाढवा. वर्षभरात ती यादी तुमच्या पदवीपेक्षा जास्त बोलेल.

पायरी ४ : एक कोपरा धरा

'फुल स्टॅक', म्हणजे समोरचं पान ते मागचा सर्व्हर सगळं येणारा, हा शब्द आता एआयच्याही बायोडेटात आहे. त्यापेक्षा एका कोपऱ्यात असं नाव करा की लोक म्हणतील, याबद्दल त्याला विचारा.

मला विचाराल तर सध्या सुगम्यता, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल अशी वेबसाइट, हा मोकळा कोपरा आहे. वेबएम ही संस्था दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांत उघड चुका सापडल्या, सगळ्यात जास्त फिक्या अक्षरांच्या. युरोपात २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा कायदा लागू झाला, आणि तिकडच्या ग्राहकांना विकणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही तो लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, डोळे मिचकावून दाखवा असं सांगितलं जातं, ते अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांनी आणि अंधांनी कसं करायचं, यावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. शिकायला खर्च शून्य. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे. तो लावा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःच्याच साइटवर एक ऑर्डर देऊन दाखवा. पहिल्या वेळी मला माझ्याच फॉर्मचं सबमिट बटण सापडलं नव्हतं.

दुसरा कोपरा माहितीच्या संरक्षणाचा. २०२३ च्या डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण, कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. शिक्षणसंस्थांना काही मर्यादित सवलती आहेत, पण सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्या ओळखीतल्या किती क्लासेस, शाळा, दवाखान्यांना माहीत असेल?

वेग हा तिसरा कोपरा. त्यात गूगलचे आकडे ठरलेले आहेत, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. जुन्या सिस्टिमची देखभाल हा चौथा. आठ-दहा वर्षांपूर्वी पीएचपी या भाषेत लिहिलेला कोड सांभाळायला कोणाला आवडत नाही, म्हणूनच तिथे पैसा आहे.

पायरी ५ : फ्रेशर असाल तर

तुमची पहिली पायरीच कोणीतरी काढून नेली आहे. फॉर्म बनव, बटण हलव, असली कामं करत आम्ही शिकलो. ती आता लाल पेनातली. यात तुमचा दोष नाही, आणि 'मेहनत घ्या, सगळं होईल' असं मी सांगणार नाही.

करायचं हे. टू-डू लिस्टचा प्रकल्प बायोडेटातून काढा. खरी माणसं वापरतील असं एक लहान काम शोधा. सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब, गावातल्या वाचनालयाची देवघेव, आईच्या बचत गटाची नोंदवही, मंडळाची वर्गणी. एआय घेऊन दोन आठवड्यांत उभं करा आणि मग सहा महिने चालवा. शिकणं त्या सहा महिन्यांत आहे. कोणीतरी तीच वर्गणी दोनदा नोंदवेल, खजिनदार पासवर्ड विसरेल, सर्व्हरची जागा भरेल. प्रत्येक बिघाडाचं पानभर टिपण ठेवा. काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं, काय बदललं. बॅकअप घ्या, आणि तो परत भरून बघा. परत भरून न बघितलेला बॅकअप हा फक्त विश्वास असतो.

शिवाय रोज तासभर एआय बंद. एचटीटीपी, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), ब्राउझर पान कसं रंगवतो, हे हाताने. गणकयंत्र आलं म्हणून पाढे गेले नाहीत, आकडा चुकीचा आला हे कळायला ते लागतातच.

पायरी ६ : दर आणि करार

तासावर काम घेणं थांबवा. एआयमुळे दहा तासांचं काम चारवर आलं तर तासाच्या दरात तुमचंच नुकसान. कामावर दर ठरवा आणि त्यात तपासणी वेगळी दाखवा. उभारणी इतकी, तपासणी इतकी, वर्षाची देखभाल इतकी. पहिला आकडा कमी होत जाईल, क्लायंट घासाघीस करेल, करू दे. दुसऱ्या-तिसऱ्यावर ठाम राहा.

करारात चार गोष्टी लिहा. कोड एआयच्या मदतीने लिहिला जाईल. क्लायंटची माहिती एआयला दिली जाणार नाही. बिघाडाला किती वेळात उत्तर मिळेल. आणि क्लायंटने स्वतः किंवा त्याच्या भाच्याने एआय लावून काही बदललं तर ते दुरुस्त करण्याचे पैसे वेगळे. शेवटचं कलम मी अनुभवाने घातलंय.

नोकरीत असाल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नव्या फ्लॅटचा हप्ता लावून घेऊ नका. बाकी सल्ला सीएचा.

पायरी ७ : मुलाखत

आम्ही हल्ली पाठांतराचे प्रश्न सोडून दिलेत. उमेदवाराला एआयने लिहिलेला चाळीस ओळींचा कोड छापून देतो, पेन देतो आणि वीस मिनिटं. यात काय खटकतं ते खुणा करून सांगा. सराव घरी करता येतो. एआयकडून एखादं फीचर लिहून घ्या, प्रिंट काढा, लाल पेनाने तपासा. मग दुसऱ्या एआयला तेच तपासायला सांगा आणि तुमच्या खुणा ताडून बघा. त्याला दिसलं आणि तुम्हाला नाही, ते यादीत घाला. तुम्हाला दिसलं आणि त्याला नाही, ते मुलाखतीत सांगा.

मागच्या महिन्यात संगमनेरची एक मुलगी आली होती. डिप्लोमा, नोकरीचा अनुभव नाही, दूध डेअरीवरच्या मापांची नोंद ठेवणारं एक छोटं अॅप वडिलांसाठी चालवत होती. आमच्या चाळीस ओळींत तीन चुका मुद्दाम पेरलेल्या होत्या. तिला दोनच सापडल्या. मग तिने विचारलं, "सर, नेट नसताना नोंद केली आणि नंतर दोन फोनवरून एकाच वेळी पाठवली, तर कुठली खरी धरायची ते यात लिहिलंच नाहीये. तुमच्याकडे ते कोण ठरवतं?"

आमच्याकडे ते कोणीच ठरवलेलं नव्हतं. ती सोमवारपासून येते आहे.